तांब्याचं तोंड

पितळी तांब्या टेबलावर ठेवून पोरांना "काढा" म्हटलं, की बहुतेक पोरं त्याचं तोंड पूर्ण गोल काढतात. तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं ना! पण बसल्या जागेवरून ते चपटं, लंबगोल दिसतं. शिक्षक फळ्यावर दहा वेळा सांगतात, तरी पटत नाही. मग ते स्वतःच तांब्या उचलतात आणि हळूहळू पोराच्या डोळ्यांसमोर वर नेतात. लंबगोल बारीक होत जातो आणि डोळ्यांच्या पातळीला आला की नुसती आडवी रेघ उरते. "आता काय दिसतंय?" "रेघ, सर!" त्या क्षणापासून ते पोर माहीत असलेलं सोडून दिसणारं काढायला लागतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोली, वारणानगर आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना हा क्षण कुणी मिळवून द्यायचा, हा माझा प्रश्न आहे. लहान मूल न घाबरता चित्र काढतं. सातवी-आठवीत त्याची नजर तयार होते, हात मात्र मागे राहतो. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे कळतं आणि वही कपाटात जाते. गाण्याचं, नाचाचं, नाटकाचंही तेच. त्याच दोन-तीन वर्षांत शेजारी कुणी जाणतं बसलं, तर हात नजरेला गाठतो. नाही बसलं, तर पोर आयुष्यभर "मला नाही जमत" म्हणत राहतं.

सरकारी पातळीवर यासाठी एक जुनी, चांगली व्यवस्था आहे: कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या वाटेनं खेड्यातलं पोरही शिस्तीनं पुढं सरकतं. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, 'बी'ला 5, 'सी'ला 3. पालक पोरांना वर्गाला पाठवतात ते बऱ्याचदा या गुणांसाठीच, आणि त्यात काही वाईट नाही. निमित्त कुठलंही असो, पोर वर्गात येतं. दुःख याचं होतं, की निकाल लागला की रंगपेटी बंद होते. संकल्पचित्राचा ठरावीक नमुना पाठ करून 'ए' मिळवलेलं पोर समोरच्या आंब्याच्या झाडाकडे कसं बघावं हे शिकलेलं नसतं.

उन्हाळ्यातल्या आठ दिवसांच्या शिबिरांनीही हे साधत नाही. सोमवारी वारली, मंगळवारी मातीकाम, बुधवारी मुखवटे, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. पोरं खूश होतात आणि ती होऊ देत. पण आठ दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. हात बसायला आठवड्याला दोन तास आणि दोन वर्षं लागतात.

आपल्याच जिल्ह्यानं हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंनी कुठल्या कला महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. ते नाटकांचे पडदे रंगवायचे आणि त्यांच्या हाताखाली मदतीला आलेली पोरं बघून बघून शिकायची. फत्तेलाल आणि दामले त्यातलेच. सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं वेड दोघा भावांनी घेतलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याच सुमारास जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला आणि पडेल ते काम करत शिकला. तो पुढचा व्ही. शांताराम. 1929 मध्ये यातलेच काही जण बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी उभी केली. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसला गौरव झाला. या सगळ्यांची शाळा म्हणजे रंगाचे डबे, लाकडी चौकटी आणि शेजारी उभा असलेला जाणता माणूस.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? कोडोलीच्या वेशीला लागून वारणानगर आहे. सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांनी याच परिसरातल्या मुलांचा बाल वाद्यवृंद उभा केला. कारखान्याभोवतीच्या घरांतली ही पोरं वाद्यं वाजवायला शिकली आणि वारणेचं नाव परिसराबाहेर गेलं. मला त्यातली सामूहिक शिस्त सर्वात मोलाची वाटते. एकट्यानं वाजवताना चूक झाली तर आपण थांबतो आणि पुन्हा सुरू करतो. वृंदात तसं चालत नाही. मात्रा मोजत, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहून, दुसऱ्याचं ऐकत समेवर यायचं असतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला गप्प राहून ऐकायला शिकवणं हे कुठल्याही पाठांतरापेक्षा अवघड काम आहे. शिवाय हार्मोनियम प्रत्येकाच्या घरी परवडत नाही, संस्थेची एक मात्र दहा पोरं वाजवू शकतात.

कोडोलीत आज असा वर्ग चालवायचा तर फार मोठं काही लागत नाही. रविवारी कुलूपबंद असलेली शाळेची एक खोली पुरते. गणपतीपुरता बाहेर निघणारा मंडळांचा झांज-ढोलांचा साठा वर्षभर कोपऱ्यात पडून असतो, तो पोरांच्या हातात द्यावा. झांजपथकात वर्षानुवर्षं ठेका धरणारा दादा पोरांना कुठल्याही पाहुण्या कलावंतापेक्षा जवळचा असतो. इंटरमिजिएट झालेल्या ताईनं एलिमेंटरीच्या पोरांना शिकवावं. शिकवताना तिचं स्वतःचं पक्कं होतं आणि वर्ग एका मास्तरांच्या बदलीवर लटकून राहत नाही. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळावी: वर्ग अशा वेळी सुटावा, की वाडीवरच्या मुलीला उजेडात एसटीनं घरी पोचता येईल. वर्ग उशिरा सुटायला लागला, की सगळ्यात आधी गळतात त्या मुली.

पुढचं शिक्षणही आवाक्यातलं आहे. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन कोल्हापुरातच आहेत. पण तिथं जायचं स्वप्न आठवीत पडायला लागतं आणि त्यासाठी दहावीआधी कुणीतरी म्हणावं लागतं, "बाळ, तुझा हात चांगला आहे."

त्या तांब्याच्या वर्गात एका मुलीनं तोंड तीनदा खोडलं. कागद खरबरीत झाला होता. सरांनी नवा कागद पुढं केला, तर ती म्हणाली, "नको सर, याच्यावरच." मग तिनं एक डोळा मिटला, पेन्सिल आडवी धरून तोंडाची रुंदी मापली, ती उभी करून उंची मापली आणि चौथ्यांदा रेघ ओढली. वरची आणि खालची कड सारखीच गोल आली होती. तशीच यायला हवी होती.