पऱ्हाटीतली साखर

कापसाची वेचणी संपली की जिंतूर तालुक्यातल्या शेतांत पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पेटतात. त्या वाळक्या काडीत साखर असते, पण जिभेला लागणारी नव्हे. हेमिसेल्युलोजच्या साखळीत झायलोजचे पाच-कार्बनी रेणू एकमेकांना जखडलेले असतात. आम्लाने ही साखळी तुटते. सुट्या झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघाले की फुरफुराल तयार होतं. रेझिन बनवायला, वंगणतेल शुद्ध करायला ते लागतं.

अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून ते काढलं, गंधकाम्ल वापरून. पण गंधकाम्ल भांडी खातं, शेवटी चुना घालून मारावं लागतं, आणि गाळ उरतो तो वेगळाच. घन आम्लाची ही कटकट नाही. झिओलाइटच्या भुकटीत नॅनोमीटरहून लहान भोकं असतात, त्यांत आम्लाची केंद्रं पक्की बसलेली. काम झालं की गाळा, भाजा, पुन्हा वापरा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परेश ढेपे यांच्या गटाने पिकांच्या अवशेषांवर, साधारण १७० अंशांवर, हे करून दाखवलं. शोधनिबंध २०१२ चा.

अडचणी आहेतच. काडीतलं पोटॅशियम आम्लकेंद्रांची जागा बळकावतं, काळा चिकट कचरा भोकं बुजवतो. मला मात्र खरी मेख वाहतुकीत दिसते. ट्रॉली शिगोशीग भरते, वजन भरत नाही. शिवाय बोंडअळीपायी फरदड, म्हणजे वेचणीनंतर लांबवलेलं पीक, टाळून पऱ्हाट्या वेळेत काढायच्या, म्हणजे सगळा माल एकदम येणार. कारखाना वर्षभर चालवायचा तर हा माल पावसाळ्यात कोरडा ठेवायला शेड हवी.