माळ्यावरच्या वह्या

दिवाळीच्या साफसफाईत एक वाक्य आपल्या प्रत्येकीच्या तोंडी असतं, ‘हे कागद कशाला जपून ठेवलेत? द्या रद्दीत!’ काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं आणि सासूबाईंच्या तीन वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत घातल्या. त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वह्यांत काय, तर महिला मंडळाचा हिशोब, बालवाडीला कोणी किती शेंगदाणे-गूळ दिला, कुणाच्या मारहाण झालेल्या सुनेला माहेरी पोचवलं आणि मध्येच मेथीच्या लाडवांचं प्रमाण. मला तो पसारा वाटला. मैत्रिणींनो, यंदा लेकीनं घरी आणलेलं एक पुस्तक वाचताना त्या वह्या आठवल्या आणि जी चुटपुट लागली ती लागलीच.

पुस्तक होतं आयडा बी. वेल्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पत्रकार बाईच्या डायऱ्यांचं. आयडाचा जन्म १८६२ चा, मिसिसिपी राज्यातला, गुलाम आईबापांच्या पोटी. १८७८ मध्ये पीतज्वराच्या साथीत आईवडील दोघं गेले. ओळखीपाळखीच्या मंडळींनी भावंडं वेगवेगळ्या घरी वाटून द्यायचं ठरवलं, तर ही सोळा वर्षांची पोर म्हणाली, माझी भावंडं मीच सांभाळीन. आणि शाळेत मास्तरीण झाली.

पुढे मेम्फिस शहरात शिकवत असताना, १८८५ ते १८८७ या काळात तिनं जी डायरी लिहिली, ती वाचताना मला तर आपलीच कुणी मैत्रीण बोलतेय असं वाटलं. पगार वेळेवर होत नाही, उधारी वाढतेय, तरी चांगलं कापड दिसलं की मन आवरत नाही. रागाच्या भरात नको ते बोललो म्हणून स्वतःलाच दटावणंही आहे. आणि याच पानांत कोर्टकचेरीही आहे! रेल्वेच्या बायकांच्या डब्यातून तिला गोरा कंडक्टर ओढून काढू लागला, तेव्हा ती त्याच्या हाताला चक्क चावली. मग तिनं कंपनीवर दावा लावला. खालच्या कोर्टानं पाचशे डॉलर दिले, १८८७ मध्ये वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. त्या दिवसाची निराशा डायरीत जशीच्या तशी आहे.

१८९२ मध्ये मात्र सगळंच बदललं. तिचा मित्र थॉमस मॉस आणि त्याचे दोन सोबती किराणा दुकान चालवत. गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं, भांडण पेटलं आणि झुंडीनं तिघांना तुरुंगातून काढून गोळ्या घातल्या. आयडानं आपल्या वर्तमानपत्रात सडेतोड लिहिलं. ती बाहेरगावी असताना तिचं कार्यालय फोडलं गेलं, परत आलीस तर जीव घेऊ अशी धमकी आली. मग तिनं काय केलं? गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतल्या बातम्या गोळा करून, नाव, तारीख, ठिकाण लिहून, अशा हत्यांचा हिशोब छापला. इंग्लंडमधल्या कॅथरीन इम्पी या बाईंनी तिला १८९३ मध्ये व्याख्यानांना बोलावलं. इम्पीबाई काढत त्या मासिकाचं नाव काय असावं? ‘अँटी-कास्ट’. म्हणजे जातिविरोध! मी दोनदा वाचलं.

१८९५ मध्ये लग्न करून ती शिकागोत राहिली, चार मुलं झाली. पहिलं बाळ अंगावर पीत असताना भाषणांना बोलावणं आलं, तर तिची अट एकच : गावोगावी बाळ सांभाळायला बाई द्या. (आपल्या बचत गटाच्या जिल्हा बैठकीला ही अट घालून बघा बरं!) १९१० मध्ये तिनं दक्षिणेतून शहरात आलेल्या गरीब कृष्णवर्णीयांसाठी संस्था काढली. वाचनालय, रात्रीचा निवारा, नोकरी शोधून देणं, सगळं तिथे होतं. पैसा पुरेना, तेव्हा कोर्टात प्रोबेशन ऑफिसरची नोकरी धरली आणि पगार संस्थेत घातला. तरीही १९२० मध्ये दार बंद करावं लागलं.

मला खरा चटका लावला तो पुढच्या गोष्टीनं. पंचविशीतल्या एका मुलीला सभेत विचारलं, जोन ऑफ आर्कसारखी बाई तुझ्या माहितीत कोण? तिनं आयडाचं नाव घेतलं, पण का, ते तिला सांगता येईना. म्हणून ती आयडाकडेच विचारायला आली. हयात असतानाच ही विसर! १९२८ मध्ये आयडानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. १९३० च्या डायरीत नोंद आहे की, कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचं एक पुस्तक चर्चेला होतं आणि त्यात तिच्या झुंडबळीविरोधी कामाचा उल्लेखच नव्हता. २५ मार्च १९३१ ला ती गेली. आत्मचरित्र वाक्याच्या मध्येच थांबलं.

ते कागद जपले तिची लेक अल्फ्रेडा डस्टर हिनं. तीही समाजसेविका, पाच मुलांची आई, नवरा लवकर गेलेला. नोकरी करता करता ती प्रकाशकांचे उंबरे झिजवत राहिली. पुस्तक निघालं १९७० मध्ये, आई गेल्यावर ३९ वर्षांनी! शेवटचं अर्धं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही, तसंच ठेवलं. आज डायऱ्या, हस्तलिखित, कात्रणं शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. २०२० मध्ये आयडाला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

आमच्या मंडळाच्या जुन्या चिटणीस काकू ऐंशीच्या पुढे आहेत. शंभर पानी वही घेऊन मी आता दर गुरुवारी त्यांच्याकडे जाते. पहिल्या दिवशी बालवाडीच्या पहिल्या तुकडीतली अकरा नावं त्यांनी सांगितली. ‘मुलं तेरा होती गं,’ म्हणाल्या, ‘दोघींची नावं तुझ्या सासूच्या वहीत असतील, बघ.’