हाडांच्या वाटेने येणारा आवाज

मांजरी बुद्रुकला राहायला आल्यापासून पहाटे तासभर चालायचा माझा नेम आहे. रस्ता अरुंद, पदपथ सलग नाही, आणि अंधार सरायच्या आतच दुधाच्या गाड्या, कामगारांच्या बसेस आणि सिमेंट कालवत जाणारे मोठे ट्रक पाठीमागून येऊ लागतात. इथे चालणाऱ्याचा खरा आरसा म्हणजे त्याचे कान. तरीही मी अनेक वर्षे दोन्ही कानांत इअरफोनची बोंडे खुपसून गाणी ऐकत चालत असे. ते बंद झाले ते शहाणपणाने नव्हे, कान ठणकल्यामुळे.

उजव्या कानाच्या नळीला आधी खाज सुटली, मग पाणी येऊ लागले, मग रात्रभर झोप लागेना. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी थेंब लिहून दिले आणि बजावले, ‘‘कानात काहीही घालायचं नाही. तेल नाही, काडी नाही आणि ही बोंडंही नाहीत.’’ घामट, बंद कानात ओल साचते, बोंडाच्या घासण्याने कातडी सोलवटते आणि जंतूंना आयते घर मिळते, हे त्यांनी समजावले. त्यानंतर भाचीने वाढदिवसाला एक वेगळाच हेडफोन आणून दिला. ‘‘मामा, हा कानात जातच नाही,’’ ती म्हणाली. मानेमागून येणारी लवचिक पट्टी, आणि कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकणाऱ्या दोन चपट्या टिकल्या. लावला आणि गाणे सुरू झाले. कान मात्र उघडेच. खिडकीबाहेरच्या साळुंक्याही ऐकू येत होत्या.

बाजारात याला ‘बोन कंडक्शन’ म्हणतात. आपण अस्थिवहन म्हणू. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी या यंत्राबद्दल बरेच वाचले, डॉक्टरांना विचारले, स्वतःच्या कानांवर लहानसहान प्रयोग केले. त्यातला एक फसला, आणि त्या फसण्याने मला बाकी सगळ्या वाचनापेक्षा अधिक शिकवले.

दोन वाटा, एकच घर

आवाज ऐकण्याची नेहमीची वाट शाळेत शिकलेली असते. हवेतल्या लहरी कानाच्या नळीतून आत जातात, पडदा हलवतात, पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही इवली हाडे तो हलकावा पुढे देतात, आणि शेवटी शंखासारख्या कर्णावर्तातला द्रव हिंदकळतो. त्या द्रवातल्या केसपेशी हिंदकळण्याचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. ही हवेची वाट. दुसरी वाट कवटीची. कर्णावर्त कानशिलाच्या हाडातच कोरलेले असते. ते हाड कंप पावले, की आतला द्रवही हिंदकळतो. त्यासाठी पडद्यावर हवेची लहर आदळायलाच हवी असे नाही.

ही दुसरी वाट आपण रोज वापरतो. स्वतःचे बोलणे आपल्याला हवेतून ऐकू येते आणि हाडांतूनही. म्हणूनच आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला की तो परका, पातळ वाटतो; त्यात हाडांकडून मिळणारी खर्जाची भर नसते. वाचकांनी एक प्रयोग आत्ताच करून पाहावा. ओठ मिटून ‘म्’ असा लांब हुंकार द्यावा आणि मध्येच दोन्ही कान बोटांनी बंद करावेत. हुंकार एकदम मोठा आणि घुमारदार होतो. भ्रामरी प्राणायाम करणाऱ्यांच्या हे परिचयाचे आहे. कारण सोपे आहे. कंप पावणाऱ्या नळीच्या भिंती नळीतल्या हवेतही आवाज सोडतात. कान उघडा असेल, तर त्यातला खालच्या पट्टीचा भाग बाहेर निघून जातो. कान बंद असेल, तर तो कोंडला जाऊन पडद्याकडे वळतो.

ही वाट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जेरोलामो कार्दानो या इटालियन वैद्याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले होते, की दातांत धरलेल्या काठीतून आवाज ऐकू येतो. 1855 मध्ये हाइनरिश रिने या जर्मन डॉक्टरने त्यावर आधारलेली चाचणी सांगितली. नादकाटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा, आणि कुठे अधिक चांगले ऐकू येते ते विचारायचे. ही चाचणी आजही दवाखान्यात होते. 1920 च्या दशकात अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक याने दातांत धरून ऐकायचे ‘ओसोफोन’ नावाचे यंत्रही केले.

पण सर्वांत मोलाचा प्रयोग गेऑर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाचा, 1932 चा. त्याने एकच स्वर एका वेळी हवेतून आणि हाडातून ऐकवला. मग दोन्हींची तीव्रता आणि कंपनांची वेळ अशी जुळवली, की एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार यावा. स्वर ऐकू येईनासा झाला. दोन वाटांनी आलेले पाहुणे वेगवेगळ्या घरी गेले असते, तर त्यांनी एकमेकांना खोडले नसते. म्हणजे वाटा दोन असल्या तरी घर एकच: कर्णावर्त. कर्णावर्तासंबंधीच्या संशोधनासाठी बेकेशीला 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा निष्कर्ष मी तेव्हा वाचला, पण तो माझ्या घरात काय सांगतो आहे, हे मला कळले नव्हते.

आरामाचा हिशेब

आधी मिळकत. कानाची नळी मोकळी राहते, वारा लागतो, मळ आत ढकलला जात नाही. माझा कान पुन्हा वाहिला नाही. पाठीमागचा ट्रक ऐकू येतो, फाटकाजवळची शिट्टी ऐकू येते, आणि ‘‘काका, जरा बाजूला’’ हेही.

आता खर्च. कंप हाडापर्यंत पोचण्याआधी त्याला कातडी आणि मांस ओलांडावे लागते. हा मऊ थर कंप, त्यातही वरच्या पट्टीचे, गिळतो. उपाय एकच, टिकली घट्ट दाबायची. श्रवणतपासणीच्या खोलीत कानामागे जे कंपक लावतात, त्याचा दाब प्रमाणानुसार 5.4 न्यूटन असतो, म्हणजे साधारण साडेपाचशे ग्रॅम वजन ठेवल्याइतका. तपासणीपुरते ते सोसते. तासभर चालताना कोण सोसेल? म्हणून बाजारातले हेडफोन हलके आणि सैलसर करतात. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचे असल्याने ते लावल्याचा विसर पडतो, पण तेवढ्याच प्रमाणात आवाजही सैल पडतो. घट्ट केला तर आवाज सुधारतो आणि अर्ध्या तासात कानशिले दुखू लागतात. हा झगडा कारागिरीच्या उणिवेतून आलेला नाही. तो मुळातच कातडीमुळे आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला 1977 मध्ये आंदेर्स त्येल्स्ट्रम आणि पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी काही रुग्णांसाठी ही अडचण मुळातूनच सोडवली. त्यांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रुजवून कंपक थेट त्यालाच जोडला. कातडीचा थर वाटेतून गेला, पण त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली.

बाकी अडचणी घरगुती आहेत. चष्म्याची काडी आणि पट्टी एकाच जागेसाठी भांडतात. थंडीत कानटोपी घातली, की टिकली सरकते. उशीवर डोके टेकवून ऐकणे जमत नाही, कारण मागची पट्टी टोचते. आणि आवाज वाढवला, की शेजारी बसलेल्यालाही बारीक किणकिण ऐकू येते. टिकली हाडाला हलवते तशी हवेलाही हलवते.

नादाचा हिशेब

हाडांच्या वाटेने माणसाचे बोलणे छान येते. बातम्या, कथाकथन, व्याख्याने, फोन यांना हा हेडफोन उत्तम. संगीतात मात्र तो खालून पोखरतो. कारण गणिती आहे. कंपनसंख्या निम्मी केली आणि तेवढाच जोर ठेवायचा म्हटला, तर हेलकावा चौपट मोठा लागतो. खर्जाचा स्वर पोचवायला टिकलीला इतके मागेपुढे व्हावे लागते, की एवढ्याशा यंत्राला ते झेपत नाही; आणि झेपले, तर कानशिलाला गुदगुल्या होतात. ऐकण्याऐवजी आपण तो स्वर कातडीवर सोसतो.

तबल्याच्या बाबतीत मला एक गंमत जाणवली. उजव्याचा स्वर बऱ्यापैकी टिकतो. 1920 मध्ये सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी दाखवले होते, की शाईमुळे आपल्या अशा वाद्यांचे वरचे स्वर एकमेकांशी सुरेल नात्यात बसतात. खालचा स्वर पुसट झाला, तरी वरच्या सुरेल स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो, असा माझा समज आहे. डग्ग्याचा घुमारा मात्र जातो. घिस्सा हरवतो, उरते ती थाप. तानपुऱ्याचा खर्ज पातळ होतो. टाळ मात्र पुढे येऊन बसतात.

शिवाय डावे-उजवे नीट वेगळे राहत नाही. उजवीकडे दिलेला कंप कवटीतून डाव्या कर्णावर्तालाही जवळजवळ तितकाच पोचतो. म्हणून श्रवणतपासणीत एका बाजूचे हाड तपासताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर ऐकवतात.

या उणिवा उत्पादकांनाही ठाऊक आहेत. शॉक्झ या कंपनीने 2024 मध्ये आणलेल्या एका हेडफोनात खालच्या पट्टीसाठी हवेतून बोलणारा वेगळा स्पीकर जोडला. म्हणजे खर्जापुरती हाडांची वाट सोडून पुन्हा हवेचीच धरली.

आणखी एक तोटा मोकळ्या कानाचाच आहे. सोलापूर रस्त्याच्या गोंगाटात गाणे बुडते, म्हणून हात आपोआप आवाज वाढवतो. ‘कानाला लागत नाही, म्हणून सुरक्षित’ हा समज इथे घात करतो. पडद्याला वळसा पडतो, केसपेशींना नाही. त्या कुठल्याही वाटेने आलेल्या मोठ्या आवाजाने झिजतात, आणि झिजलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

आईचा पखवाज

माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. चाळीस वर्षे ती भजनी मंडळात टाळ घेऊन बसली. गेली काही वर्षे तिचे ऐकणे उतरत चालले आहे. माझ्या बंद कानाला ज्याने वाट दिली, तो तिलाही देईल, असे मला वाटले. ‘कानाला वळसा घालून थेट मेंदूत’ अशा जाहिराती मीही वाचल्या होत्या. एका एकादशीला मी तिला खुर्चीत बसवले, हेडफोन तिच्या कानशिलांवर नीट बसवला आणि भीमसेन जोशींचे अभंग लावले. आवाज पुरेसा वाढवला. ती बराच वेळ मान वाकडी करून ऐकत राहिली.

मग म्हणाली, ‘‘अरे, पखवाज कुठं गेला?’’

मला वाटले, दाब कमी पडला. मी टिकल्या बोटांनी दाबून धरल्या. ती म्हणाली, ‘‘नको रे, दुखतंय. शब्द तर मला तसेही कळत नाहीत. पखवाज येत होता रेडिओवर, तोही ह्यात येईना.’’ तिने तो काढून माझ्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात मी तिला तपासणीला नेले. डॉक्टरांनी आधी नादकाटा लावला. कानामागच्या हाडावरही तिला कमी ऐकू आले आणि कानासमोरही कमी. तरी कानासमोर थोडे अधिक. नळीत किंवा मधल्या हाडांत अडथळा असता, तर उलटे झाले असते, हाडावरचा आवाज वरचढ ठरला असता. यंत्रावरच्या तपासणीचा आलेख आला तेव्हा हवेची आणि हाडाची रेषा हातात हात घालून खाली उतरत होत्या, डावीकडे थोड्या आणि उजवीकडे तीव्र. डावीकडे खालच्या पट्टीचे स्वर, उजवीकडे वरच्या. वयाने येणाऱ्या बहिरेपणाचे हे नेहमीचे चित्र आहे. वरच्या पट्टीच्या केसपेशी आधी जातात. स, श, फ, थ ही व्यंजने तिथेच राहतात, म्हणून आई ‘सात’ला ‘आत’ ऐकते आणि आम्ही उगाच ओरडतो.

त्या आलेखाकडे बघताना बेकेशीचा प्रयोग मला समजला. आईची हवेची वाट मोकळीच होती. मोडकळीला आले होते ते घर. दुसऱ्या वाटेने जाऊन तिथे काय मिळणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्याकडे जे शिल्लक होते, तो खालच्या पट्टीचा कोपरा, नेमका तोच हे यंत्र वगळत होते. पखवाज तिने चुकीचा शोधला नव्हता. आलेख काढण्याआधी तिने एका वाक्यात निदान सांगितले होते.

यातून मला कळले ते एवढेच. या हेडफोनाला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही. ज्याचे आतले घर शाबूत आहे आणि बाहेरचे दार दुखते किंवा उघडे ठेवायचे आहे, त्याच्यासाठी तो वरदान आहे, खर्ज सोडून द्यायची तयारी असेल तर. पडद्यामागे अडथळा असलेल्यांना या तत्त्वाचा खरा फायदा होऊ शकतो, पण तो तपासणी करून, श्रवणतज्ज्ञाच्या सल्ल्याने. वयाने घर झिजलेल्यांना मात्र तो देताना आपण प्रेमाने फसवतो. कमी ऐकू येणाऱ्या आई-वडिलांसाठी या दिवाळीत काही घ्यायचे असेल, तर वस्तूच्या आधी आलेख घ्यावा.

आईला आता कानामागे बसणारे श्रवणयंत्र आहे. ते वरची पट्टी उचलून देते, खालची तिच्या स्वतःच्या कानांवर सोडते. सवय व्हायला तिला दोन महिने लागले; पहिले काही दिवस भांड्यांच्या आवाजाने ती दचकत असे. सगळे शब्द अजूनही कळत नाहीत. भजनाला गेलो, की मी तिला पखवाजवाल्याच्या अगदी बाजूला बसवतो. मी मात्र पहाटे तोच हेडफोन लावून निघतो, व्याख्याने ऐकतो, गाणी घरी येऊन स्पीकरवर ऐकतो. परवा निघताना तिने विचारले, ‘‘तुझ्या त्या पट्टीत पखवाज आला का रे?’’

‘‘नाही आई.’’

‘‘मग जपून जा,’’ ती म्हणाली, ‘‘गाड्या तरी ऐकू येतात ना?’’