पुस्तक कुणाच्या मालकीचे?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटली की गेटबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर कामगारांची गर्दी होते. एकेकाळी टपरीवर एकच वर्तमानपत्र असायचे आणि त्याची पाने चौघांच्या हातात वाटली जायची. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. वर्तमानपत्र विकत घेणारा कमी झाला, पण अक्षरे मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणूनच ‘सगळे मोबाईलवर, किंडलवर मिळत असताना छापील पुस्तके आणि पेपर हवेतच कशाला?’ असा सवाल आपलेच तरुण करू लागले आहेत. सवाल रास्त आहे. त्याची टिंगल करून किंवा जुन्या काळाचे गोडवे गाऊन त्याचे उत्तर मिळणार नाही. आंबेडकरी समाजाने हा प्रश्न स्वतःच्या इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

प्रथम नव्या साधनाचे गुण मोकळ्या मनाने मान्य करू. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र बाजारात आले. त्याचा पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांना फारसा त्रास देत नाही, आणि हाताएवढ्या यंत्रात शेकडो पुस्तके मावतात. डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला पुस्तकांचे कपाट ठेवायला जागा कुठून मिळणार? म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठे करून वाचता येते, अंध बांधवाला यंत्र वाचून दाखवते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना ज्ञानाची दारे बंद होती, त्यांनी दार उघडणारी कोणतीही किल्ली नाकारण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांच्या साहित्याचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा पहिला खंड १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. पुढे या खंडांना एवढी मागणी आली की प्रती संपत आणि वाचक वर्षानुवर्षे ताटकळत. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. निमित्त होते ‘लोकसत्ता’तील बातमीचे. नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले, त्यासाठी पाच कोटींहून अधिक रुपयांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या जेमतेम ३३ हजार प्रती, असे त्या बातमीत म्हटले होते. कागद गोदामात आणि वाचक रांगेत! अशा काळात परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेले हेच खंड हजारो मुलांनी मोबाईलवर उतरवून घेतले. छापखान्याने जिथे दगा दिला तिथे पडद्याने साथ दिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग छापील अक्षराचा आग्रह कशासाठी? त्याचे उत्तर १९२० सालात आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून मुक्यांना नायक मिळाला. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला, तेव्हा लेखकवर्ग नसल्याने बाबासाहेबांना अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. पुढे ‘भारत भूषण’ हा स्वतःचा छापखाना उभा राहिला. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण नको म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी काय केले? ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ दुसऱ्याचे होते, ते काढून घेता आले. छापलेले पुस्तक वाचकाच्या घरी पोहोचले होते, ते कोणाला काढून घेता आले नाही. ज्याच्या हाती साधन त्याच्या हाती आवाज, हा धडा आपल्या पूर्वजांनी असा किंमत मोजून घेतला आहे.

आता हाच धडा वाचनयंत्राला लावून पाहा. किंडलवर आपण ‘विकत’ घेतो ते पुस्तक नव्हे, कंपनीच्या अटींवर मिळालेली वाचण्याची परवानगी असते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसून टाकली. ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कंपनीचे कारण होते. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण आपल्या घरातले पुस्तक आपण झोपेत असताना नाहीसे होऊ शकते, हे जगाने पाहिले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा त्या दुकानातून घेतलेली पुस्तके वाचकांकडूनही गेली. ऑर्वेलच्या जागी उद्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ असेल तर? १९८७ साली हा खंड प्रसिद्ध होताच त्यावर गदारोळ उठला, त्यातली प्रकरणे काढून टाकण्याची मागणी झाली. आंबेडकरी जनता लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरली म्हणून तो खंड वाचला. जे पुस्तक एका कळीने पुसता येते, त्याच्यासाठी मोर्चा काढायलाही उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट हातातून हाती जाण्याची. छापील पुस्तक शेजाऱ्याला देता येते, वाचून झाल्यावर विहारात ठेवता येते, फाटले तर चिकटवून धाकट्या भावाला देता येते. एक अंक वस्तीतल्या साक्षराने मोठ्याने वाचायचा आणि दहा निरक्षरांनी ऐकायचा, यातूनच आपली चळवळ शिकली. मोबाईलवर मात्र प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढे एकटा असतो, आणि त्याच पडद्यावर वाचता वाचता क्रिकेट, जाहिराती आणि द्वेषाचे संदेश येऊन धडकतात.

डिजिटल म्हणजे कायमचे, हाही एक गैरसमज आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर आज त्या फाईलमध्ये अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. तेव्हाच्या फ्लॉपी वाचणारे यंत्रही घरात उरलेले नाही. कागदालाही वाळवी लागतेच. पण जुन्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकांतील पिवळ्या पडलेल्या अंकाला वाचण्यासाठी डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

तरीही नुसता कागद जपला म्हणजे काम झाले असे नव्हे. अंबडपासून जवळच त्रिरश्मी बुद्धलेणी आहेत. कागदाहून आणि काचेहून टिकाऊ अशा दगडावर तिथे दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मी अक्षरे कोरली गेली. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले, त्याच्या व्याजातून भिक्खूंच्या गरजा भागवायच्या, असा हिशेब तिथे लिहिलेला आहे. राजांच्या जोडीला साध्या कष्टकऱ्यांचीही दाने तिथे नोंदली आहेत. दगड शाबूत राहिला, अक्षर शाबूत राहिले, पण ते वाचणारा समाज उरला नाही. परिणाम काय झाला? बुद्धाची लेणी ‘पांडवलेणी’ झाली! १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि मगच असे लेख पुन्हा बोलू लागले. वाचणारा नसेल तर आपल्याच वारशावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते.

म्हणून कागद की पडदा, या भांडणात आपण शक्ती घालवू नये. दोन्ही वापरावेत, पण मालकी आपली ठेवावी. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या मूळ ग्रंथांवरील प्रताधिकार २०१६ अखेर संपला आहे. ते कोणालाही छापता येतात. खंड मोबाईलवर अवश्य उतरवावेत, पण कंपनीच्या दुकानात न ठेवता आपल्या स्वतःच्या साठ्यात ठेवावेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर होणाऱ्या खर्चाचा निम्मा भाग बाजूला काढला, तरी वस्तीच्या विहारात एक कपाट, दोन बाके आणि रोजचे दोन पेपर सहज येतील. पाळी करून आलेल्या तरुणाने आठवड्यातून एक तास तिथे मोठ्याने वाचावे, आयाबहिणींनी ऐकावे, प्रश्न विचारावेत. ट्रंकांतील जुने अंक बाहेर काढून त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ अंकही जपावेत.

पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधणाऱ्या महामानवाचे आपण वारस आहोत. खिशातल्या मोबाईलमध्ये किती पुस्तके आहेत याचा हिशेब कोणी विचारणार नाही. वस्तीत किती जण वाचतात आणि ते वाचन बंद पाडण्याची ताकद कुणाच्या हातात आहे, याचा हिशेब मात्र येणारी पिढी आपल्याकडे मागेल. तो देता येईल असे काम या जयंतीपासूनच सुरू झाले पाहिजे.