बाळाचे बोल लांबतात तेव्हा

‘याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावरच बोलू लागले,’ या घरगुती दिलाशावर कितीतरी मोलाचे महिने निघून जातात. काही मुले उशिरा बोलू लागून पुढे इतरांची बरोबरी करतात, हे खरेच. परंतु आपले मूल त्यांपैकी आहे किंवा नाही, हे नुसती वाट पाहून कळत नाही.

शब्दांच्या आधीही भाषेच्या खुणा दिसतात. नऊ-दहा महिन्यांचे बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे स्वर लावते. वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारताच वळून पाहते. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते, ‘चेंडू आण’ एवढे त्याला समजते आणि थोडे शब्दही येतात. दोन वर्षांच्या मुलाकडून ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी जोडणी अपेक्षित असते. यात थोडे मागेपुढे व्हायचेच. मात्र आलेले शब्द हरपू लागले, तर वय कोणतेही असो, बालरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.

पहिली तपासणी कानांची. जन्मतः ऐकू न येणारे बाळही आरंभी हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. टाळी वाजवून केलेली परीक्षा तर फसवीच. अंशतः ऐकू येणारे मूल मोठ्या आवाजाकडे वळते, पण बोलण्यातील बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ‘बेरा’ चाचणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते.

बदलीच्या नोकरीतील पालकांना आणखी एक चिंता असते. घरी मराठी, पाळणाघरात तमिळ, शेजारी हिंदी. मूल गोंधळले तर नसेल? अनेक भाषा कानांवर पडल्याने वाचाविकास खुंटत नाही. सर्व भाषांतील शब्द मिळून मोजावेत. मूल बोलावे म्हणून घरातील मराठी सोडण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) श्रवणदोष व भाषाविलंब यांची तपासणी अंतर्भूत असून, अनेक जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयाला वाहिलेल्या आहेत. तज्ज्ञांकडे जाताना मुलाच्या शब्दांची यादी आणि घरात खेळतानाचे मोबाइलवरील छोटे चित्रण सोबत न्यावे. परक्यांसमोर बोलकी मुलेही गप्प बसतात.