तळपायाची आग

‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असं आपण रागावर म्हणतो. माझ्या बाबतीत गेली तीन वर्षं हे रोज रात्री अक्षरशः घडतं. मधुमेहानं पायांच्या नसा बिघडल्यात. चादर टेकली तरी निखारा ठेवल्यासारखं वाटतं. परवा धाकट्या भावानं तेलाची बाटली आणून दिली. भांगेच्या पानांचं, आयुर्वेदात जिला विजया म्हणतात तिचं औषध. अम्मीनं लगेच विचारलं, “नशा तर नाही ना होणार?” म्हटलं, आधी वाचतो, मग घेतो.

मित्रहो, जखम झाली की नस मेंदूला निरोप धाडते. नसच बिघडली की जखम नसतानाही निरोप जात राहतात. म्हणून डोकेदुखीची साधी गोळी इथं चालत नाही.

कलकत्त्यात १८३९च्या सुमारास डॉ. ओशॉनेसी यांनी गांजाचा अर्क संधिवाताच्या आणि धनुर्वाताच्या रुग्णांना देऊन पाहिला होता. झिंग आणणारा टीएचसी हा घटक मात्र १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी वेगळा केला. पुढे कळलं की आपल्या नसांवर त्याला बसेल असं कुलूपच आहे, आणि त्याची एक किल्ली शरीर स्वतःही घडवतं. १९९२मध्ये सापडलेल्या या किल्लीचं नाव आनंदामाइड, संस्कृत ‘आनंद’वरून. कवीला भुरळ पडायला एवढं पुरे! कुलूप उघडलं की नस निरोप कमी धाडते. सीबीडी या दुसऱ्या घटकानं झिंग येत नाही, पण तो या कुलपात नीट बसतही नाही.

मग आकडे पाहिले. कॉक्रेन संस्थेनं २०१८मध्ये १६ चाचण्या, १७५० रुग्ण एकत्र तपासले. वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झाली, असे औषध घेणाऱ्यांत शंभरातले २१; नकली औषध घेणाऱ्यांत १७. चक्कर, गुंगी असे त्रास मात्र ६१ जणांना, तिकडे २९ जणांना. शिवाय त्या चाचण्या मापून दिलेल्या औषधांच्या. माझ्या बाटलीवर टीएचसी किती, हे लिहिलेलंच नाही.

माझे डॉक्टर म्हणाले, “रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू आहे ना? सीबीडीनं तिचा असर वाढू शकतो. मला न विचारता थेंबसुद्धा घेऊ नका.”

भावाला हे सांगितलं, तर म्हणतो, “भाई, त्या जास्तीच्या चौघांत तू असलास तर?”

बाटली अजून कपाटात आहे, बंद.