कलानगर ओलांडताना

वांद्रे पूर्वेला बेहरामपाड्यातून खेरवाडीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाटेत हायवे आडवा येतो. अंतर फार नाही, चौथीतलं मूल रमतगमत गेलं तरी वेळेत पोहोचेल. रमतगमत जायला जागा मात्र हवी.

एका आजी आणि त्यांच्या नातीबरोबर मी ही वाट चालले. अनंत काणेकर मार्गाला फुटपाथ आहे. त्यावर कुठे टपरी, कुठे उभ्या बाइक, कुठे उखडलेले पेव्हर ब्लॉक. सारखं खाली रस्त्यावर उतरावं लागतं आणि प्रत्येक वेळी आजी नातीची बाजू बदलतात. गाड्यांकडे त्या, आतल्या अंगाला पोरगी. दप्तर आजींच्याच खांद्यावर, कारण खेटून जाणाऱ्या रिक्षात त्याचा पट्टा अडकू शकतो. उभ्या टेम्पोआडून मूल पुढे आलं तर चालकाला ते दिसतच नाही. म्हणून आधी आजी पाऊल टाकतात, हात वर करतात, मग तिला पुढे घेतात. हायवेवरच्या कलानगर चौकात सिग्नल पडला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. “हात सोडू नकोस गं,” एवढंच त्या बोलतात.

याच रस्त्यावर स्टेशन ते कलानगर असा मुंबईतला पहिला स्कायवॉक 2008 मध्ये झाला होता. जिने चढायचा त्रास होता, तरी वर गाडी नव्हती. 2019 मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला, पुढे पाडला. तेव्हा त्यावरून चालणाऱ्यांची सोय आधी लावायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

सायकलवरून येणारं एकही मूल दिसलं नाही. शेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने सायकल ट्रॅक बांधला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. तो मोकळा राहिला असता तरी या मुलांच्या उपयोगाचा नव्हता, ऑफिसांच्या दारांवरूनच जात होता.

शाळेच्या फाटकाशी स्कूटर, व्हॅन, रिक्षा यांची नुसती दाटी. रस्ता धोक्याचा म्हणून पालक मुलांना गाडीने सोडतात आणि त्या गाड्यांमुळेच चालत येणाऱ्यांना आत शिरता येत नाही. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास फाटकासमोरची गल्ली गाड्यांना बंद ठेवली, तर निदान इथला धोका उद्यापासून टळेल. त्यासाठी पूल बांधावा लागत नाही. दोन बॅरिकेड आणि एक हवालदार पुरे.

नातीला पाचवीपासून आजींशिवाय, मैत्रिणींबरोबर यायचंय. आजींना विचारलं, सोडाल का? “फाटकापासून सिग्नलपर्यंत सोडेन,” त्या म्हणाल्या. “सिग्नलला मी उभी राहणार.”